सभापतींची मिसळ

मार्केट यार्डातल्या हौसाबाईच्या गाळ्यावर मिसळीसाठी सकाळपासून झुंबड उडे. बाजार समितीचे सभापती रंगराव मोहिते यांना मात्र तो गाळा आपल्या मेव्हण्याच्या ज्यूस सेंटरसाठी हवा होता. एके दिवशी ते कार्यकर्त्यांचा लवाजमा घेऊन आत शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हौसाबाई, तुमची मिसळ तिखट लागली तर गाळा खाली करायचा, आणि मिळमिळीत लागली तरी खाली करायचा. बोला, कबूल?"

गिऱ्हाइकांचे घास हातातच राहिले. जीभ सभापतींची आणि निकालही सभापतींचाच!

"कबूल," हौसाबाई म्हणाली. तिनं उसळ-फरसाण वाढलं, शेजारी लालभडक तर्रीचं पातेलं ठेवलं आणि पळी रंगरावांच्या हातात दिली. "तर्री इथं ज्याची त्यानं घ्यायची, सभापती. तुमची मिसळ तुम्हीच कालवा."

सगळं यार्ड बघत होतं. एका पळीवर थांबले असते तर लोक हसले असते, म्हणून रंगरावांनी चांगल्या तीन ओतल्या. पहिल्याच घासाला कान तापले, मग नाक वाहू लागलं.

"कशी झालीय?" हौसाबाईनं अदबीनं विचारलं.

आपल्या हातून काही बिघडलं, हे रंगरावांनी जन्मात कबूल केलं नव्हतं. डोळे पुसत ते म्हणाले, "झकास!"

"म्हणजे गाळा राहिला," हौसाबाई कार्यकर्त्यांकडे वळली. "अहो, बघताय काय? साहेबांना आवडलीय. वाढा की अजून!"

कार्यकर्ते मोठे निष्ठावान. पळीसाठी त्यांच्यात चढाओढ लागली.