चार शब्दांचा उःशाप

एका राज्यात पाणी म्हणून नव्हते. नगराच्या मधोमध काळ्या दगडाचा रुंद पट्टा पसरला होता. त्याला सारे पाषाणवाट म्हणत. ती कुठून आली, कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो एक उःशाप. सातव्या पिढीच्या राजाने वा राणीने पाषाणवाटेवर उभे राहून चार शब्द उच्चारावेत, म्हणजे राज्याची तहान भागेल, असे एका मांत्रिकाने त्यांच्या मूळपुरुषाला सांगितले होते. ते शब्द तोंडोतोंडी आले ते असे: ‘तीन दिवे वाहू दे.’

सातवा राजा धवलकेतू. त्याने शब्द उच्चारून मातीचे दिवे वाहिले, चांदीचे वाहिले, रत्नांचे वाहिले. थेंब पडला नाही. तेव्हा राजगुरू म्हणाले, “महाराज, मागणे वंशाच्या दिव्यांचे आहे.”

राजाला मुले तीनच.  सांजेला तो राणी मेघावतीला म्हणाला, “प्रजा तडफडते आहे, देवी. मी काय करू?”

“पौर्णिमेपर्यंत थांबावे, महाराज. ज्यांनी हे शब्द आपल्या आधी ऐकले, त्यांना विचारून येते.”

राणी सीमेपारच्या अरण्यात शिरली. तिथले पक्षी बोलत, आणि जितके आत जावे तितके म्हातारे पक्षी भेटत.

पहिली भेटली साळुंकी. म्हणाली, “माझ्या घरट्यात साप शिरला आहे.” राणीने तो काठीवर उचलून दूर सोडला. साळुंकी म्हणाली, “माझ्या लहानपणीही ‘तीन दिवे’च म्हणत.”

पुढे होता राघू, चार पिढ्या पाहिलेला. त्याने पाणी मागितले. राणीने आपल्या झारीतले शेवटचे पाणी त्याला पाजले.

राघू म्हणाला, “मी ऐकले ते ‘तीन दी वाहू दे.’”

“दी म्हणजे काय?”

“तेव्हाही कुणाला कळत नसे. म्हणून पुढे कुणीतरी त्याचे दिवे केले.”

अरण्याच्या टोकाला एक आंधळे गिधाड बसले होते. मांत्रिक उःशाप देत होता, तेव्हा ते त्याच्या खांद्यावर होते. ते म्हणाले, “आधी तुझ्या मुलांची नावे ऐकव.”

 राणीने एकेक नाव घेतले. “चित्ररथ. सुवर्चा. धाकटी नीलाक्षी.”

गिधाडाने मान हलवली. “मांत्रिक म्हणाला, ‘ती.’ मग थांबून म्हणाला, ‘नदी वाहू दे.’”

राणी उद्गारली, “आणि आम्ही लेकरे द्यायला निघालो होतो.”

“कुणी लबाडी केली नाही, पोरी. शब्द घाईने म्हटले गेले आणि ‘नदी’तला ‘न’ सरकून मागच्या ‘ती’ला चिकटला. शापाने नदीचा दगड झाला होता. जे दिसतच नाही, त्याचे नाव कानाला कसे ओळखू येणार?”

पौर्णिमेच्या सकाळी सारे नगर पाषाणवाटेवर उभे होते. मुलांना न्हाऊमाखू घातले होते. राणी धुळीने माखलेली आली, मुलांच्या पुढे उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “ती नदी वाहू दे.”

दगडाला घाम फुटला. मग तडा गेला. मग पायाखाली गार काही हलले. राजाने नीलाक्षीला खांद्यावर घेतले, राणीने दोघांचे हात धरले, आणि लोक काठाकडे धावले. मागे पाणी गर्जत आले.

राजगुरू काठावर मान खाली घालून रडत होते. राणीने ओंजळ भरून पहिले पाणी त्यांना दिले.

राज्याची तहान इथे भागली, शाप इथे विरला. ऐकणाऱ्यांची लेकरे सुखी असोत.