कासवाची वाट

माणसांची गावं वसायच्याही आधी मुंग्यांनी तळ्याकाठी नवी वसाहत आखायला घेतली. तांबी गवंडीण पांढऱ्या मातीने घरांच्या रेघा ओढत होती. तेवढ्यात डोंगराकडून तळ्यावर निघालेलं म्हातारं कासव रेघेपाशी थांबलं.

"आजोबा, इथे घरं होणार. वळसा घालून जा," तांबी म्हणाली.

"मी घालीन गं. पावसाळ्यात याच वाटेने पाणी येतं, ते नाही घालणार."

"ऐन मोक्याची जागा!" तांबी कुरकुरली. तरी तिने रेघा पुसून चार कासवं जातील एवढा पट्टा मोकळा सोडला. उन्हाळाभर मुंग्यांनी त्याच रस्त्याने दाणे वाहिले.

मग एका सकाळी डोंगरावरून पाणी आलं. दोन्ही काठांवर अख्खी वसाहत श्वास रोखून उभी राहिली. एकाही उंबऱ्याला न शिवता ते गर्जत तळ्यात गेलं.

"बाई गं," तांबी पुटपुटली, "आणि मी याला वळसा घालायला लावणार होते!"