मिरीने आणला अंपायर

तो दिवस रोजच्यासारखाच होता. ऊन रोजचं. शाळेमागचं मैदान रोजचं. मैदानाच्या कोपऱ्यात खेळही रोजचाच.

मिरी उंदरी, डबू बेडूक आणि झुपी खार. तिघांचं क्रिकेट. बॅट आइस्क्रीमच्या काडीची. चेंडू पिवळ्या निंबोळीचा.

बुलबुलताई आली. कुंपणावर बसली. म्हणाली, "नळाजवळ एका पायावर उभे राहणारे बगळेकाका गेले. दूर मोठ्या तळ्यावर गेले. आता यायचे नाहीत."

"बरं," म्हणाली मिरी.
"बरं," म्हणाला डबू.
"बरं," म्हणाली झुपी.
आणि खेळ सुरू.

झुपीने निंबोळी टाकली. मिरीने मारली. टक्! डबूने उडी घेतली. टुण्!

"झेल! मिरी आउट!"
"नाही! आधी जमिनीला टेकली!"
"नाही टेकली!"
"टेकली!"
"नाही टेकली!"
"टेकली!"

डबूने बॅट ओढून घेतली. आणि चक्क तिच्यावर बसला.
मिरीचा डाव गेला. मिरीच्या मिशा थरथरल्या.

"भांडता काय?" बुलबुलताई म्हणाली. "अंपायर पाहिजे. अंपायर असला की भांडण मिटतं."
आणि उडून गेली. भुर्र!

"जा, अंपायर आण," डबू म्हणाला. "मग देतो बॅट."
"अंपायर म्हणजे काय रे?"
डबूने गाल फुगवले. "अंपायर म्हणजे... अंपायर! एवढंही माहीत नाही?"
माहीत तर डबूलाही नव्हतं. पण सांगतो कशाला!

मिरी विचार करू लागली. "अंपायर. अं-पायर. आं-पायर. आंबा-पायर... हां! पायरी आंबा!"

निघाली मिरी. तुरु तुरु तुरु.

आंब्यावर होतं माकड.
"माकडमामा, माकडमामा, आंबा पाडा.
अंपायर मिळेना,
माझा डाव येईना!"

माकड म्हणालं, "माझ्या शेपटीत काटा. मैनेला सांग, काटा काढ. मग पाडतो आंबा."

निघाली मिरी. तुरु तुरु तुरु.

घरट्यात होती मैना.
"मैनाताई, मैनाताई, काटा काढ.
माकड आंबा पाडेना,
अंपायर मिळेना,
माझा डाव येईना!"

मैना म्हणाली, "माझी पिल्लं झोपेनात. वाऱ्याला सांग, झोका दे. मग काढते काटा."

निघाली मिरी. तुरु तुरु तुरु.

गवतात पडला होता वारा.
"वारादादा, वारादादा, झोका दे.
मैना काटा काढेना,
माकड आंबा पाडेना,
अंपायर मिळेना,
माझा डाव येईना!"

वारा म्हणाला, "मी झोपलोय."
"झोपलेलं कुणी बोलतं का?"
"मी बोलतो. गाईला सांग, हंबर. मग उठतो. मग देतो झोका."

निघाली मिरी. तुरु तुरु तुरु.

सावलीत बसली होती गाय.
"गाईमावशी, गाईमावशी, हंबर.
वारा झोका देईना,
मैना काटा काढेना,
माकड आंबा पाडेना,
अंपायर मिळेना,
माझा डाव येईना!"

गाय म्हणाली, "माझ्या कानाला सुटलीय खाज. आधी कुणीतरी कान खाजवा. मग हंबरते."

मिरीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही.
"कुणीतरी म्हणजे मीच की!"

मिरी चढली शिंगावर. सुर्र! मिरीने कान खाजवला. खर खर, खर खर.
"आहाहा!" म्हणाली गाय.

मग काय!
गाय हंबरली. हम्माऽऽ!
वारा उठला. सूं सूं सूं!
वाऱ्याने झोका दिला. पिल्लं झोपली.
मैनेने काटा काढला. टुच्!
माकडाने आंबा पाडला. धप्प!

लालपिवळा पायरी आंबा. मिरीपेक्षा मोठा. मिरीने ढकलला. गड गड, गड गड. थेट मैदानात.

"आणला अंपायर!" मिरी म्हणाली.
झुपीने हुंगून पाहिलं. "वास छान आहे हं अंपायरला."
डबूने विचारलं, "अंपायर, मिरी आउट का?"
आंबा गप्प.
"नीट विचार. साहेब म्हण," झुपी म्हणाली.
"अंपायरसाहेब, मिरी आउट का?"
आंबा गप्पच.

तेवढ्यात बुलबुलताई आली. हसली, हसली, कुंपणावरून पडता पडता राहिली.

"अगं वेडाबाई! अंपायर म्हणजे आंबा नव्हे. अंपायर मध्ये उभा राहतो. स्वतः खेळत नाही. नुसता बघतो. आणि जे खरं, तेच सांगतो."

"एका पायावर उभा राहतो?" मिरीने विचारलं.
"हो."
"पांढरा असतो?"
"आपला होता."
"पंख वर केला की आउट?"
"हो गं."
"आणि बेडकांना खात नाही?" डबूने विचारलं.
"खेळाडूंना अंपायर खात नाही."
"तरीच!" म्हणाला डबू.

मिरीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे बगळेकाका अंपायर होते!"
"होतेच की," बुलबुलताई म्हणाली.

मग सगळ्यांनी नळाकडे पाहिलं. वाऱ्यानेसुद्धा.

नळाजवळ ओली माती होती. मातीत ठसा होता बगळेकाकांचा. एकाच पायाचा.

डबू तिथे गेला. ठशाशेजारी उभा राहिला. एक पाय वर केला. धप्! पडला. पुन्हा उभा राहिला. खेळला नाही. बोलला नाही. नुसता बघत राहिला.

आणि त्याला दिसलं.
मातीवर एक पिवळा ठिपका. चिकट चिकट. निंबोळीचा.

डबूने गाल फुगवले. मग हळूच सोडले. फुस्स!
"टेकली होती," तो म्हणाला. "मिरी आउट नाही."

डबूने बॅट पुसली. मिरीच्या हातात दिली.
मिरीचा डाव आला!

झुपीने निंबोळी टाकली. मिरीने मारली. टक्! निंबोळी कुंपणापार.
"अंपायर, किती धावा?" मिरी ओरडली.
"सहा!" डबू एका पायावरून म्हणाला. आणि पडला. धप्!

मग सगळ्यांनी आंबा खाल्ला. गाईला साल. माकडाला कोय. अंपायरने सगळ्यांच्या शेवटी खाल्ला.

आता रोज एक जण अंपायर होतो. आज डबू. उद्या झुपी. परवा मिरी.

बगळेकाकांना मात्र एकदा अंपायर म्हणून हाक मारायची राहूनच गेली.