बागेतला गुग्गुळ

फार वर्षांपूर्वी वाळवंटाकाठी एका सरदाराच्या बागेत गुग्गुळाचं झाड होतं. रोज पाणी पिऊन ते हिरवंगार झालं होतं. कुंपणापलीकडे खडकात वाढलेल्या वाळक्या गुग्गुळाला ते हिणवायचं, "अंगावर धड पान नाही आणि म्हणे औषधी!"

एकदा वैदीण केसरबाई आली. तिच्या नवऱ्याचे गुडघे आखडले होते आणि आठवड्यात तांडा निघणार होता. तिनं बागेतल्या झाडाला चीर दिली, तर पाणचट रस ओघळला. "मेल्या, नुसता पालाच वाढवलास होय?" म्हणत तिनं बोट पुसलं. खडकातल्या झाडातून मात्र घट्ट, कडू डिंक आला; तोच तिनं नवऱ्याला औषध म्हणून दिला.

आठव्या दिवशी नवरा तांड्याबरोबर चालत निघाला. बागेतलं झाड रडवेलं होऊन म्हणालं, "केसरबाई, माझाही काही उपयोग होईल ना?"

"होईल की," ती म्हणाली. "शेळ्यांना पाला लागतोच."