उंबराखालची टाळी

"पण आबा, तुम्ही लिहायचं का थांबवलंत?"

उन्मेषनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आबा धारप उंबराच्या मुळावर बसून बुटातला खडा काढत होते. खडा निघाला, बूट पुन्हा पायात गेला.

पाखरं बघणाऱ्यांचा एक ई-मेल गट आबांनी बरीच वर्षं चालवला होता. कुणी परसातल्या शिंप्यावर लिही, कुणी माळावरच्या चंडोलावर. एकाचं पत्र सगळ्यांना पोचे. आणि प्रत्येक पत्राखाली आबांचा एकच शब्द येई, 'वाचलं.' तेवढ्या शब्दावर कॉलेजातला उन्मेष आठवडा काढी.

मग "वय झालं" म्हणत आबांनी कारभार उन्मेषच्या हाती दिला. हाती कारभार आला की माणसाला नियम सुचतात. उन्मेषला जरा जास्तच सुचले.

आता तो रोज सकाळी चहाआधी पत्रपेटी उघडे आणि मिटे. त्या एका शब्दासाठी त्याचा जीव तुटत होता. म्हणूनच आज एसटी पकडून तो आबांच्या गावी, या तळ्याकाठी आला होता.

"गट मी किती नीटनेटका केला, आबा! विषय सोडून लिहायचं नाही. एका शब्दाची उत्तरं द्यायची नाहीत, लोकांच्या पेट्या उगाच भरतात. सहा महिने जो लिहिणार नाही त्याचं नाव दर एक तारखेला आपोआप गळतं. मला बघावंसुद्धा लागत नाही."

"हं."

"आता सगळे लिहिणारेच उरलेत. तरी कुणी लिहीत नाही... असं कसं?"

आबांनी वर बोट केलं. "या उंबरात पाखरं किती?"

हा प्रश्न उन्मेषला आवडला. नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असे. त्यानं डोळे मिटले.

"दोन तांबट. शेंड्याकडे एक दयाळ."

"आणि?"

"आणि पानं."

आबांनी टाळी वाजवली.

पाचोळ्यावर पाऊल कसं टाकावं हे ज्यानं शिकवलं, पाखराजवळ शिंक आली तर नाक दाबून धरायला लावलं, त्या माणसानं!

उंबराची निम्मी पानंच उडाली असं वाटलं. हरियाल होते ते. पानांच्या रंगाची हिरवी कबुतरं, माणूस आला की गप्प होऊन बसणारी. इतका वेळ हे दोघं त्यांच्याच खाली बसले होते. थवा तळ्यावरून पलीकडे गेला.

"आबा! उडवलेत की सगळे!"

"तू मोजले होतेस का?"

"ते बोललेच नाहीत, मोजणार कसे?"

...बोलून गेला आणि मग स्वतःचंच वाक्य त्याला ऐकू आलं.

 आबांनी विचारलं, "यंदा तुमच्याकडे चक्रवाक आले होते का रे?"

"म्हणजे? मी लिहिलं होतं की! चांगलं पानभर. तुमच्यासाठीच लिहिलं होतं, आबा."

"मला पत्रं येत नाहीत आता. रोज सकाळी उघडून बघतो..."

उन्मेषला आपलाच नियम आठवला. दर एक तारीख. गळालेली नावं त्यानं कधी वाचलीच नव्हती.

"एक शब्द तरी लिहायचा होतात!"

"एका शब्दाला तुझी बंदी." आबा हसले. त्यात राग नव्हता, आणि तेच उन्मेषला सोसेना. दोन गावांत दोन माणसं रोज सकाळी रिकामी पेटी उघडून एकमेकांची वाट बघत होती. त्याचे डोळे भरून आले.

"आजच सगळ्यांना परत घेतो. तुम्हाला सगळ्यात आधी. येतील ना सगळे, आबा?"

आबा तळ्यापलीकडे बघत राहिले.

तिकडून एक हरियाल निघाला. उंबरावर उतरला आणि पानांत दिसेनासा झाला. थोड्या वेळानं दुसरा आला.

"आले!" उन्मेष कुजबुजला. "बघा, आले की! म्हणजे माझेही येतील."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मी टाळी एकदाच वाजवली रे."