बोडक्या तलावाचा लव्हाळा

या जी, सावलीत या. नाव बोडका तलाव आणि काठाला लव्हाळा पुरुषभर, म्हणून हसता ना? हसा बापा. येणारा प्रत्येक पाहुणा हसतो, आणि मग हे गवत काढून नावा का सोडत नाही म्हणून विचारतो.

तर फार मागं हा तलाव खरंच बोडका होता म्हणे. तो आम्ही ढीवरांनीच केला. लव्हाळ्यात जाळं अडकायचं, फाटायचं. म्हणून आमच्या वाडवडिलांनी एका उन्हाळ्यात सगळा लव्हाळा मुळासकट उपटून जाळला. तलाव आरशासारखा झाला, मासळीही भरपूर मिळाली. पण पावसाळ्यात लाटा थेट पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, आदळू लागल्या आणि पाळ फुटली. धान वाहून गेलं. पाळ बुजवायला गेलेला एक ढीवरही गेला. पुन्हा बांधली, पुन्हा फुटली.

शेवटी भगताच्या अंगात आलं. पाळ माणूस मागते, म्हणाला, पहिलटकरणीचं लेकरू मागते. आता गरिबाची बायको सगळ्यांची वहिनी, बोट कुणाकडे वळणार? त्या बुडालेल्या ढीवराची विधवा होती फुलवंता. तिच्या मांडीवर डोमा, अजून दात न आलेला. गाव गप्प बसलं. लाज वाटते सांगायला, पण बसलं.

फुलवंता मात्र रडली नाही, असं सांगतात. तिच्या झोपडीपुढं लव्हाळ्याचा एक तुकडा उपटायचा राहून गेला होता. तेवढ्या पाळीचं ढेकूळसुद्धा हललं नव्हतं. ते तिनं पाहिलं होतं. ती पंचांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "एक पावसाळा द्या. पाळ फुटली तर लेकराला घेऊन मीच त्या भगदाडात उतरते."

मग डोमाला पाठीशी बांधून ती नाल्यातून लव्हाळ्याचे ठोंब खणून आणायची आणि पाळीच्या पायथ्याला चिखलात रोवायची. लोक म्हणाले, दुःखानं बाई वेडी झाली. आधी बायकाच तिच्या मदतीला उतरल्या. ज्याच्या पोटी लेकरू, त्यालाच कळणार ना जी!

भादव्यात आभाळ फाटलं. फुलवंता डोमाला मांडीवर घेऊन पाळीवर जाऊन बसली. सगळं गाव बघत होतं. लाट यायची, लव्हाळ्यात शिरायची आणि तिथंच मऊ पडायची. गवत आडवं व्हायचं, पुन्हा उभं राहायचं. पाणी उतरलं तेव्हा पाळ जागेवर होती आणि डोमा आईच्या पदराखाली झोपला होता. काय बाई असेल ती! मला अजून भरून येतं.

दुसऱ्या वर्षी भगताला नात झाली. तो खाली मान घालून लव्हाळ्याचा ठोंब घेऊन आला आणि फुलवंताला विचारून त्यानं तो नातीच्या नावानं लावला म्हणे. तिथून ही रीत पडली.

आजही गावात लेकरू जन्मलं की आई त्याला घेऊन पाळीवर येते, एक ठोंब रोवते आणि पाळीला म्हणते, "माय, लेकराच्या बदल्यात हे घे." इथं कोंबडंही कापत नाहीत. आता त्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या अंडी घालतात, मासळी पिलं वाढवते, आणि आम्ही जाळं थोडं लांबून टाकतो. तो वडाखालचा ठोंब माझा. मायनं लावला. शेजारचा माझ्या नातवाचा.

गवत काढा म्हणता ना? काढू जी. फक्त कुणाच्या नावाचं आधी उपटायचं, तेवढं सांगा.