मखमली झग्यात शिवलेला राजा

पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळी लंडन शहरात पाइक नावाचा एक नाटककार राहत होता. त्यानं ब्रिटनच्या दंतकथांमधल्या एका राजावर नाटक लिहिलं. शेतकऱ्याच्या नांगराला कुणी हात लावायचा नाही, असा कायदा करणारा तो राजा.

नाटकाला पैसा लावला थर्लो नावाच्या नाटकगृहाच्या मालकानं. राजासाठी सोन्याच्या तारांचा मखमली झगा शिवून घेतला. झग्याला जेवढे पडले, त्याच्या निम्मेही लिहिणाऱ्याच्या हातावर टेकवले नाहीत.

नाटक धो धो चाललं. राजानं नांगराचा कायदा पुकारला की उभ्यानं पाहणारे हमाल, गवंडी टोप्या उडवत.

मग प्लेगची साथ आली. नाटकगृहाला कुलूप लागलं. नटांकडे ज्याचे त्याचे संवाद तेवढे असत. नाटकाची पुरी प्रत एकच, मालकाच्या पेटीत. पाइक मालकाकडे गेला.

"मालक, एक नक्कल तरी उतरवून घेऊ द्या. पोटच्या पोरासारखं आहे ते."

"आणि विका नदीपलीकडच्या नाटक मंडळीला! पैसे मोजलेत मी. आता पोर माझं."

तेवढ्यात शिंपी झगा घेऊन आला. गळपट्टी लुळी पडली होती, आत घालायला जाड कागद हवा होता. मालकानं पेटी उघडली आणि पाइकच्या डोळ्यांदेखत नाटकाची पानं शिंप्यापुढे टाकली.

"घे. जुनं नाटक पुन्हा कोण बघतो?"

पाइक पुढे धावला, तर नोकरांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. आत कात्री चालल्याचा आवाज त्यानं रस्त्यावरून ऐकला.

पैसा लावणाऱ्याचा हक्क असतो, नाही कोण म्हणतं? पण बारदान घडी घालून ठेवायचं आणि धान्य उकिरड्यावर ओतायचं, याला काय व्यापार म्हणायचं?

साथ सरली. लोकांनी नांगरवाल्या राजाचंच नाटक मागितलं. नट कुठले कुठे पांगलेले, काही तर साथीतच गेलेले. मालक पाइकच्या दारी आला.

"पुन्हा लिहा. मागाल ते देतो."

"कशाला लिहू? राजा तुमच्या झग्यात शिवलाय, मालक. त्यालाच बोलायला लावा," पाइक म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

झगा खुंटीवर राहिला. ताठ मानेचा आणि मुका.

तात्पर्य: पैसे मोजून वस्तू आपली होते, तिची किंमत कळण्याची अक्कल त्याबरोबर येत नाही; घडवणाऱ्याला जो दाराबाहेर काढतो, त्याच्या हाती शेवटी नुसतं बारदान उरतं.